साष्टीची याद

ठाण्यात राहून कुणाला वाटत नाही
आपण बेटावर राहतो म्हणून.
कळव्याच्या पुलावर रिक्षा अडकली की
खाली खाडी दिसते, तिचा वास येतो,
तेवढंच.

मला कळलं ते कागदांवरून.
कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकले,
आता पानाला ऐंशी रुपये घेते.
या महिन्यात आलंय साष्टीच्या स्वारीचं दप्तर,
कडा वाळवीने खाल्लेल्या.
वर ठसठशीत: बेट फत्ते जाहलें.
शाई अजून काळीभोर.
खाली बारीक अक्षरात याद,
जखमी व मयत.

मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिला अक्षरं टांगतो.
दोन शब्दांत जागा सोडत नाही.
सुभानजीधुमाळगोळीलागोनठारपोशाकोळीतारूबुडालें
असे सगळे एकमेकांना चिकटून,
तटाखालच्या चिखलात पडले असतील तसे.
त्यांना सोडवायचं काम माझं.
एक माणूस कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो,
भिंगातून बघत बसते.

घोडी अबलख, ठार, किंमत दीडशे.
घोडीचा रंग लिहिलाय.
आसामी एक, नाव लागत नाही, सुरुंगाने.
रायाजी मुकणे, हात गेला, सनग एक, रुपये सात.
गोंदजीची बायको भिवरा, पोर एक, बालपरवेशी दरसाल रुपये
आणि इथे वाळवी.
दोन आकड्यांची जागा असेल, फार तर तीन.
नियमाप्रमाणे लिहिलं: फाटले.

आतल्यांची याद या दप्तरात नाही.
इनास, कायतान अशी नावं असतील त्यांची,
याच खाडीत जाळी टाकणारे काही.
एका ओळीत फक्त: आंतील लोक बहुत मेले.
बहुत.
एवढ्यावर कारकुनाने टाक पुसला.

किल्ल्यात आता तुरुंग आहे.
मुलाखतीच्या दिवशी सकाळी सातपासून
तटाच्या सावलीत बाया उभ्या,
सावली सरकेल तशा सरकणाऱ्या.
परवा माझ्या हातातली फाइल बघून
एकीने कागद पुढे केला:
मॅडम, नाव आलंय का बघा ना यादीत.
छापील कागद, शब्दाशब्दांत भरपूर जागा.
वाचला. नव्हतं.
ती बघत होती म्हणून
बोट ठेवून पुन्हा वाचला.

यादीच्या तळाशी कारकुनाची बेरीज आहे:
मयत आसामी चाळीस.
माझी एक्केचाळीस येते.
तीनदा केली.
मीच कुठेतरी चुकीच्या जागी तोडून
एकाचे दोन केले असतील.
किंवा त्याने, रात्र झाली म्हणून,
समईत तेल नव्हतं म्हणून,
दोघांचा एक.

सोमवारी पानं परत द्यायची आहेत.
समासात एक्केचाळीस लिहून ठेवलंय,
पेन्सिलने.