पन्नास लक्स

मीटर त्रेपन्न दाखवतो.
मी शिडीवर चढून दिवा आणखी थोडा भिंतीकडे वळवते.
खाली बॅटरी धरून बाबगोंडा:
बाई, एवढ्या अंधारात बघायचं काय?
लोक तिकीट काढून आलेत.

त्याला सांगायला जावं अंड्याच्या पांढऱ्यात बसवलेल्या चांदीचं,
उजेडानं कागद कसा विटत जातो त्याचं,
तर मिरजेचे दस्तगीरभाई मध्येच,
सतारीतून उरलेल्या तून लाकडाच्या पट्टीवर
रंधा मारता मारता:
अरे, हळदीच्या पेठेतला ना तू?
लुगड्यावरचा डाग आई कसा घालवायची?

उन्हात टाकून, बाबगोंडा म्हणाला,
आणि बॅटरी विझवली.

फोटो सांगलीचाच. मागे पेन्सिलीत एवढंच: घाटावर, पौष.
साल नाही, नाव नाही.
नऊवारीतली बाई, मांडीवर मूल,
मागे पालासारखा ताणलेला पडदा.
बाई इतकी स्थिर, जणू श्वास पदराला बांधून बसलीय.
मूल हललेलं.
तोंडाच्या जागी दुधावरची साय.

जुनी चौकट परवा उघडली.
पुराचं पाणी आत शिरून
काच नि कागद एकमेकांना चिकटलेले,
चार दिवस गेले सोडवण्यात.
एक कोपरा गेलाच.
आणि पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकलेलं,
किती वर्षं कुणास ठाऊक,
डावीकडून आत आलेलं एक मनगट.
चार साधी कांकणं.
मुलाचं डोकं मागून सावरणारा हात.

नणंद? दाई? फोटोवाल्याची बायको?
हलू नकोस, असं त्या हाताला
कुणी सांगितलंही नसेल,
फोटोत तो धरलाच नव्हता.
तोच सगळ्यात स्वच्छ आलाय.
नखावरचा ओरखडासुद्धा.

दस्तगीरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
भोपळा वाजवून बघावा तशी
पुठ्ठ्यावर टिचकी मारली.
खिडकी डावीकडं दोन बोटं वाढवू.
मी म्हटलं, बाई मधोमध नाही राहायची.
नाही तर नाही.

तीन महिने भिंतीवर,
मग चार वर्षं पेटीत, अंधारात.
आज पहिला दिवस. शाळेची पोरं दारात गर्दी करून,
कुणीतरी ओरडतं, काहीच दिसत नाही!
मी बोलणार, तेवढ्यात बाबगोंडा:
थांबा की जरा. डोळं बसू द्यात.
आधी बाई दिसंल.
मग डावीकडं बघा.