एक्केचाळीस क्रेडिट

ऊठ म्हणत नाही मी तुला, जॅव्हॅरिस.
दार उघडलंस, एवढं पुरे.
खुर्चीवरचे कपडे बाजूला करतो आणि बसतो.
माझे गुडघे आता जिने मोजतात,
आणि तुझा मजला चौथा.

तुझी आई म्हणाली, फोन उचलत नाहीस.
गोदामातली रात्रपाळी, कॅल्क्युलसमध्ये एकतीस,
आठवडाभर पडदे बंद.
ओळखतो मी हा अंधार.
त्याला उशीचा वास असतो.

खाली चौकात ती पितळी पाटी आहे ना,
नवी पोरं जिच्यापाशी फोटो काढतात:
'या विद्यापीठाची दारं उघडणारे पहिले दोघे.'
आम्ही तिघे होतो.
विनिफ्रेड डॉक्टर झाली. ऑरेलियस वकील.
तिसरा अँब्रोज टॉलिव्हर.
पाटीवर जागा नव्हती असं नाही;
टिकले त्यांचीच नावं कोरायची, असं ठरलं,
आणि ठरवणाऱ्यांचं चुकलं
असं मलाही कधी म्हणता आलं नाही.

लोक विचारतात, दगड मारले का?
मारले. एक इथे, कानशिलाला.
त्याचं काही नाही.
दगडाला निदान मी दिसलो होतो.

मला घालवलं ते खुर्च्यांनी.
ताट घेऊन बसलो की
अख्खं टेबल उठायचं.
शिवी नाही, शब्द नाही,
नुसते लाकडी पाय फरशीवरून, खर्र, खर्र,
बारा खुर्च्या.
मग मका, उकडलेला बटाटा, आणि मी.

प्रयोगशाळेत दोघांत एक ब्युरेट:
एकानं तोटी फिरवायची, दुसऱ्यानं आकडा टिपायचा.
माझ्यात दुसरा नव्हताच.
तोटी सोडून वहीकडे धावायचो,
परत येईपर्यंत
फिकट गुलाबीचा लालभडक झालेला असायचा.

सहासष्टच्या फेब्रुवारीत बस पकडली.
वडिलांनी काही विचारलं नाही.
सकाळी फक्त जास्तीचे हातमोजे काढून ठेवले.
कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं.
कागद, जॅव्हॅरिस!
देवालाही थट्टा सुचते.

आता मंगळवारी ग्रंथालयाच्या तळघरात येतो,
उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन.
डीनबाईंनी गळ्यात पट्टा घातलाय, 'मार्गदर्शक'.
कसला मार्ग!
इंटिग्रेशन हा शब्द मी कोर्टाच्या हुकुमात वाचलेला,
तुमच्या पुस्तकात त्याला चिन्ह आहे,
लांब मानेच्या बगळ्यासारखं,
त्याच्याशी माझी ओळख नाही.
सप्टेंबरात मुलगे भरभरून येतात,
जानेवारीत खुर्च्या मोजाव्यात.
मला एवढंच जमतं:
कुणी बसलेला असेल
तर शेजारची रिकामी राहू द्यायची नाही.

तो टकरही येतो, भुईमुगाच्या शेतावरचा, गोरा.
त्याचे आजोबा त्याच वर्षी इथे होते म्हणतो.
कुठल्या टेबलावर, ते मी विचारत नाही.
शेंगा पुढे सरकवतो.
तो म्हणतो, मीठ कमी पडलंय.

एकदा तूच विचारलंस,
तुमचे किती क्रेडिट झाले होते?
एक्केचाळीस.
'ते नासत नाहीत ना?' म्हणालास, आणि हसलास.
घरी जाऊन बायकोच्या फोटोला सांगितलं.
ती गप्प. जिवंतपणीही
असले प्रश्न माझ्यावरच टाकायची.

नोंदणी कार्यालयातल्या मुलीनं शोधून काढलं.
आहेत. जुन्या फितीवर, धुरकट.
रसायनशास्त्रात सी.
मला वाटलं होतं, त्याहून वाईट असेल.

अर्ज खिशात आहे, अजून कोरा.
अट घालत नाही मी,
तू पास हो मग मी भरतो, असलं काही नाही.
उद्या नऊला तुझा पेपर. गाडी खालीच लावलीय.
आजची रात्र मी या खुर्चीत.
पुस्तक उघडायचं तर उघड.
नाहीतर दिवा तेवढा लाव,
मला शेंगा सोलायला दिसत नाही.