हातगुण

बुधवारी दुपारी, डंडीतल्या लॉकीच्या वाचनालयात
मी बारा खुर्च्या मांडते. माणसं येतात चार.
त्यातला डंकन नुसता रेडिएटरपाशी ऊब घ्यायला आलेला,
तोच ऐकतो सगळ्यात कान देऊन.

मी सांगते : दुखऱ्या बोटांसाठी एक नवी गोळी आहे.
लागू पडते का, ठाऊक नाही.
ठाऊक असतं तर मी इथे आलेच नसते,
गोळीच आली असती, केमिस्टकडे, पुडक्यातून.

म्हणजे मी उंदीर? एफी लॅमंड विचारते.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची. घड्याळांच्या कारखान्यात
सोळा वर्षं केसाएवढे स्क्रू बसवले तिनं,
आता स्वतःच्या कार्डिगनचं बटण लागत नाही.

उंदराला, मी म्हणते, कुणी बावीस पानं वाचायला देत नाही.
उंदराला नको म्हणता येत नाही.
तुम्हाला आज येतं, सही केल्यावरही येतं,
मधेच एखाद्या मंगळवारी, कारण न सांगता.

मग अवघड भाग.
निम्म्यांना खरी गोळी. निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण पोकळ.
कुणाला कुठली ते मी ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाहीत,
तुमचं दुखणं किती जुनं, तुम्ही किती गोड बोलता,
यानंही काही ठरत नाही.
छापा-काटा; फक्त नाणं उडवणारा हात कुणाचाच नाही.
आणि आंधळी कोशिंबीर अशी,
की पकडणाऱ्याच्याही डोळ्यांवर पट्टी
आणि पळणाऱ्यांच्याही.

कमाल आहे, डंकन म्हणतो,
जी गोळी देते तिलाच माहीत नाही?

इथे दर बुधवारी मला मिरजेचे मगदूम डॉक्टर आठवतात.
गुलाबी मिक्श्चर. बाटलीला चिकटवलेली कातरलेली पट्टी,
एक दात, एक डोस.
त्यांनी कपाळाला हात लावला
की घरी पोचेपर्यंत ताप निम्मा.
आई म्हणायची, हातगुण.
या शब्दाला इथला शब्द वीस वर्षांत सापडलेला नाही,
तरी मी धडपडत सांगते :
काही जणांच्या हातातच औषध असतं.

वाटलं, हसतील. एफी म्हणाली,
माझी मावशी होती तशी. ब्रॉटी फेरीची.

मग बघा, मी म्हणाले,
बाटलीतल्या पाण्याला गुण किती, हाताला किती,
हे वेगळं कसं काढणार?
हात काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही.
म्हणून हात दोन्हीकडे तोच ठेवायचा
आणि त्यालाच कळू द्यायचं नाही, तो काय देतोय.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर सीगल कुणाच्या तरी चिप्सवर तुटून पडले होते.
एफीनं पेन मागितलं. सही करायला
तिला दोन मिनिटं लागली. मी मदत केली नाही,
मदत करायची नसते.

चौदा महिन्यांनी पट्ट्या सुटल्या.
गोळी निरुपयोगी. दोन्ही रेषा आलेखावर
एकमेकींच्या अंगावर रेलून चाललेल्या.
एफीकडे पोकळ गोळी होती.

पण तिसऱ्या महिन्यापासून, ती म्हणाली,
मी बटणं लावत होते ना? तूच लिहून घेतलंस.
लिहून घेतलं होतं. माझ्याच अक्षरात, तारखेसकट.
मग ती कुणी लावली?

बावीस पानांत याचं उत्तर नाही.
मी तेवढंच खरं सांगितलं.

मगदूम डॉक्टरांच्या बाटलीत काय होतं,
आम्ही कधी विचारलं नाही. गुण येत होता,
आणि विचारणं हा उद्धटपणा ठरला असता.
न आलेल्यांचं काय झालं,
ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

एफीनं आलेखाचा कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला,
खालचं एक बटण उघडंच राहू दिलं,
आणि दारातून मागे वळून म्हणाली,
गुडघ्याचं काही निघालं तर कळव.