खसखशीएवढी बेटं

नूओरोच्या दवाखान्यात
डॉक्टर ग्रात्सिएत्ता पडद्यावर बेटं दाखवते:
सार्डिनियाएवढी नव्हेत, खसखशीएवढी,
स्वादुपिंडातली.

"आरोळी उठली. कशाची, कुणास ठाऊक.
इंटरफेरॉनची हाक ऐकून
पेशींनी घाबरून
आपली ओळख दारावर टांगली,
आणि राखणदारांना
नेमकी तीच दारं सापडली."

बाकीझिओ, वय नऊ, बोट टोचून घेतो.
दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"आमचा मुर्रू तसाच," तो म्हणतो,
"धुकं पडलं की आपल्याच मेंढ्यांच्या अंगावर जातो.
आजोबा शीळ घालतात, मग थांबतो."

सुई पोटात.
आठ, नऊ, दहा.

"आत कुणी शीळ घालत नाही?"

"घालतात. पण हलकी,
त्या गोंगाटात ऐकू जात नाही."

मग पंधरा मिनिटं तो
डब्यातल्या पावाकडे बघत बसतो.