विषय क्रमांक चार

पुएर्तो मोन्तच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
लाकडं धुमसणाऱ्या शेगडीभोवती आठजण,
आणि मी, इतिवृत्त लिहिणारी, दाराशी.
विषय क्रमांक चार :
मृदाशास्त्र, पहिलं वर्ष. वर्ग कुठे भरवावा.

डीन आरांगिस यांनी तक्ता दाखवला.
लेमुय, चेलीन, केउइ, लाइतेक...
बेटांवरून नाव नोंदवलेली मुलं एकवीस,
जुलैत उरलेली नऊ.
लाँच सुटत नाही, सुटली तर पोचत नाही,
पोचली तर मुलाला परवडेल अशी खोली नाही.
तेव्हा सगळंच ऑनलाइन, ते म्हणाले,
आणि पडद्यावर एक निळी रेघ वर वर गेली,
जशी काही तिची वाऱ्याशी ओळखच नव्हती.

मी लिहिलं : डीननी प्रस्ताव मांडला.

मग एलियाना ओयार्सो उठल्या.
सत्तावन वर्षांच्या, नखांत कायमची काळी किनार.
तक्ता नाही, कागद नाही.
पर्समधून चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर ढेकूळ काढलं,
शेगडीवरच्या किटलीतलं कोमट पाणी शिंपडलं
आणि डीनच्या तळहातावर ठेवलं.
मळा, म्हणाल्या. आता अंगठ्यानं दाबत पट्टी काढा.
पट्टी दोन बोटं निघाली, आणि तुटली.
"हा पोयटा. चिकण असती तर वीतभर आली असती.
हे तुम्हाला आत्ता कळलं, आणि मी सांगितलं म्हणून नाही."
डीन हात पुसायला काही शोधत राहिले.
रुमाल कुणीच पुढे केला नाही.

मी लिहिलं : प्रात्यक्षिकांच्या महत्त्वावर चर्चा झाली.

सगळ्यांना वाटलं, ही बाई आता आडवी येणार.
मलाही वाटलं. पेन तयार धरलं होतं, "विरोध" लिहायला.
पण त्या म्हणाल्या, "मुलं येऊ शकत नाहीत, हे खरंच आहे.
मग मातीनं जावं."

प्रत्येकाला बारा पुरचुंड्या, फक्त नंबर, नाव नाही.
सोमवारी कास्त्रोच्या धक्क्यावरून,
पिठाच्या गोणी नि गॅसच्या टाक्यांबरोबर.
शुक्रवारी रात्री, बेटांवर रेंज जरा टिकते तेव्हा,
सगळ्यांनी एकदम एकच पुरचुंडी सोडायची.
कॅमेरा तोंडावर नको, हातांवर.
"तोंडं 'कळलं मॅडम' म्हणतात.
हात तसं म्हणत नाहीत."
आणि डिसेंबरात दहा दिवस समोरासमोर.
"त्यांनी नाही यायचं. आपण जायचं."

कुलसचिव म्हणाले, खर्च कुठल्या शीर्षाखाली?
अंदाजपत्रकात माती असं शीर्ष नाही.
यावर चाळीस मिनिटं.
शेवटी ती लेखनसामग्रीत बसली,
खोडरबर आणि स्टेपलच्या पिना यांच्यामध्ये.
पाच विरुद्ध तीन. एका सत्रापुरतं, प्रायोगिक.

ऑक्टोबरात माझ्या टेबलावर एक खोकं आलं.
पाठवणार : दामारिस नाउएल्कीन, चेलीन.
आत तेरावी पुरचुंडी.
आणि वहीच्या चतकोर पानावर :
ओळखा मॅडम. कॅमेरा हातांवर.

बाई माझ्याच खुर्चीत बसल्या.
फोन मी धरला, वरून, थरथरू न देता.
मळून पाहिलं, हुंगलं,
जिभेच्या टोकाला लावून पाहिलं.
पट्टी निघेना. गोळा होईना. तेलकट, पण सुटी.
"राख?"
नाही, म्हणाली पोरगी.
"शिंपल्यांचा चुरा?"
थोडा. पण ते नाही.
बराच वेळ फक्त बाईंची बोटं,
आणि पलीकडे कुठेतरी कोंबड्या.
"नाही बाई. हरले."

मामाचं बटाट्याचं शेत, ती म्हणाली.
किनाऱ्यावरचं शेवाळ घालतात, दर वर्षी,
मामाच्याही आधीपासून.
मग हसली. दिसत नव्हती,
तिचाही कॅमेरा हातांवरच होता.

याचं इतिवृत्त नाही.
बैठक रीतसर बोलावलेली नव्हती,
आणि गणपूर्तीही नव्हती.