चौऱ्याऐंशी पॉइंट तीन सात

रबर उपटताना वरचा थर सालीसारखा सोबत आला,
बोटभर रुंद, थेट हँडलपर्यंत.
(लिंबा म्हणतात त्या लाकडाला. आफ्रिकेतलं. आपला कडुलिंब नव्हे.)
फेव्हिकॉल भरून रात्रभर पाट्याखाली दाबलं.
सकाळी बॉल टाकला
तर ब्लेड खोकलं.

हे मॉडेल बंद झालं, मॅडम,
वाशीला, सेक्टर सतराच्या दुकानात प्रणोती म्हणाली,
सात वर्षं झाली.
नुसतं लाकूड कोण मागतं आता,
सगळ्यांना आत कार्बन हवा.
मला नको कार्बन.
बत्तीस वर्षं रबाळ्याच्या रंगांच्या कंपनीत
कार्बनचीच वलयं जोडत होते मी.

तिने तीन काढली. पाच थरांची दोन, सात थरांचं एक.
मी पिशवीतून स्वयंपाकघरातला काटा काढला, काउंटरवर मांडला.
प्रणोती हसली नाही,
याचे तिला पैकीच्या पैकी.
त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव.

जुनं तोललं होतं लॅबमध्ये,
काट्याची काचेची दारं लावून, श्वास धरून,
पहिल्या बोनसच्या आठवड्यात.
८४.३७
हँडलच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं अजून वाचता येतं,
फक्त तीनचं पोट पुसट झालंय.

दहा मिनिटांत डबा, वीस मिनिटं टेबल.
कँटीनमागच्या शेडमध्ये, एका पायाखाली ड्रमचं झाकण.
समोर बॉयलरवरचा अच्युतन,
बॅट पेनासारखी धरणारा,
हरायला लागला की स्कोअर मल्याळममध्ये मोजणारा.
माझे हात कधी नखांपर्यंत स्वच्छ झाले नाहीत,
म्हणून मी निळी बाई.
आता तिथे डेटा सेंटर आहे. भिंतींना खिडक्या नाहीत.
आत म्हणे सगळं लक्षात ठेवतात.

पहिलं ब्लेड हाताला लगेच बसलं, जरा जास्तच लगेच.
सातथरीचा आवाज वसुलीला आलेल्या माणसाने दार वाजवावं तसा.
मधलं काहीच बोलेना.
मग मी डबीतून माझा बॉल काढला,
सेल्युलॉइडचा, शेवटचा,
नाकाशी धरला की अजून कापूर येतो.
आणि पालक्काडला फोन लावला.
अच्युतन, ऐक.
डावा कान बॉयलरने नेला त्याचा, उजव्याला फोन धर म्हटलं.
टक टक टक,
प्रत्येकावर दहा वेळा.
पलीकडे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी नळ सोडून गेलं होतं.
बराच वेळ तेवढंच.
मग तो म्हणाला,
निळी बाई, हा बॉल जुना आहे.
तू जुना बॉलने नवा लाकूड कसा बघते?

प्रणोतीने काउंटरखालून प्लास्टिकचा दिला.
पांढराफटक. कसलाच वास नाही.
पुन्हा टक टक टक.
तिन्ही परकी.
पण मधल्याने बॉल केसभर थांबवून धरला,
नाव विचारण्याआधी
कुणी पाण्याचा तांब्या पुढे करावा तसं.
हां, अच्युतन म्हणाला,
किंवा खोकला. फोन कटला.

अठ्ठ्याऐंशी म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम जास्त.
मनगट एकोणसाठ वर्षांचं, कुरकुरणार.
कोपरखैरण्याच्या हॉलमधली पोरं मला आजी म्हणतात
आणि बॅकहँडलाच मारतात, शहाणी आहेत.

घरी येऊन पॉलिश पेपरने कडा मोडली,
अंगठा टेकतो तिथे.
तळाशी पेन्सिलीने लिहिलं ८८
आणि पुढे पॉइंट दिला.
त्यानंतरचे दोन आकडे सांगणारा काटा
माझ्या घरात नाही.

जुनं परत पाट्याखाली ठेवलंय.
का, ते मला विचारू नका.
चटणी मिक्सरवर होते हल्ली.