तोंडमिळवणी

शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत
व्हिसा-झेरॉक्सच्या पाटीखाली बसून
मी लोकांची दुखणी अरबीत टाइप करतो.
पानाला पस्तीस दिरहम. शिक्क्याचे वेगळे.

सुबराव निकम आला तो तोंडावर रुमाल धरून.
विट्याकडचा. सोन्याच्या कारखान्यात डाग देणारा.
"आपल्याकडचे आहात असं कळलं," म्हणाला,
आणि माझ्या बोलण्याची वाट न बघता रुमाल काढला.

जखम त्याच्या डाव्या कानापाशी सुरू होते,
म्हणजे समोरच्याच्या उजव्या हाताला,
आणि गालावरून उतरत ओठाच्या कोपऱ्याशी थांबते.
अरबी ओळ अशीच चालते.
सवयीनं मी ती वाचायला लागलो,
मग स्टेपलर शोधायचं निमित्त केलं.

धैदचा रस्ता, पहाटेचं धुकं,
दिवे न लावता उभा राहिलेला पाण्याचा टँकर.
"काच माझ्यावर नाही आली हो,
मीच गेलो काचेवर."
हे वाक्य मी तीनदा टाइप केलं.
वकील म्हणाला, यात आपलीच चूक दिसते, बदला.

समितीच्या डॉक्टरनं गालाला पट्टी लावली.
साडेनऊ सेंटिमीटर.
मग म्हणाला, भुवया उचला. डोळे मिटा.
गाल फुगवा. शीळ घाला.
आता हसा, प्लीज.
"इतक्या अदबीनं हस म्हणून
मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं," सुबराव म्हणाला.
तो हसला.
त्यांनी लिहिलं, अठरा टक्के.

विमा कंपनीचं पत्र माझ्याच मशीनवर मराठीत झालं, तोंडी:
अर्जदाराचं काम हाताचं आहे, हात शाबूत आहेत.
ज्योतीसाठी आता गॅसची टॉर्च मिळते.

मिळते. त्यालाही माहीत आहे.
पण केसाएवढ्या तारेचा सांधा असेल तेव्हा
बंकनळीच लागते, दातांत नव्हे, ओठांत,
श्वास नाकानं आत आणि गालातून बाहेर, मध्ये न तुटता.
बापानं सात वर्षं कोळशावर बसवून शिकवलं.
डाग असा द्यायचा की डाग दिसता कामा नये.
आता डाव्या कोपऱ्यातून वारा निसटतो,
ज्योत लडबडते, सोनं ओघळतं.
मालकानं त्याला पॅकिंगला बसवलंय, डब्यांत कापूस भरायला.

"आणि इतर नुकसान?" मी विचारलं. तसा रकाना असतो.

बराच वेळ तो रकान्याकडेच बघत राहिला.
मग म्हणाला, मागच्या शुक्रवारी पोरीचं बोट तव्याला लागलं.
आईवर रुसलेली. फोनच्या काचेवर तेवढं बोट धरलं,
बाबा, फुंकर घाल.
मी घातली.
भलतीकडंच गेली.
पोरगी म्हणाली, थंड वाटलं.
आठ वर्षांची आहे. खोटं कुठं शिकली असेल?

कोश काढला. अरबीत फुंकणं आहे,
शिंगात, भट्टीत, फुग्यात.
फुंकर कुठं सापडेना.
इथं येण्यापूर्वी मी कऱ्हाडला पतपेढीत होतो,
एकतीस मार्चला रात्रभर बसून तोंडमिळवणी करायचो.
साडेतीन रुपये जुळत नव्हते म्हणून एकदा
सकाळ झाली होती, आणि ते सापडले,
वाटाण्याच्या पुडीच्या कागदावर लिहिलेले.
जुळत नाही असं काही नसतं, असा माझा समज.

रकान्यात मी लिहिलं, मानसिक त्रास.
सगळे तेच लिहितात. कोर्टाला ओळखीचं आहे.

मलबारी पोरगा चहा ठेवून गेला.
सुबरावनं बशी मागितली, नव्हती.
त्यानं रुमालाची घडी केली, कपाशेजारी ठेवली
आणि चहा निवायची वाट बघत बसला.
मीही माझा
तसाच राहू दिला.